गाण्यांची प्रश्नचिन्हं करणाऱ्या भाऊंना

वरणगाव, ता. भुसावळ, जि. जळगाव

भाऊ,

सप्रेम नमस्कार लिहीत नाही. प्रेम उरलेलं नाही. नमस्कार तेवढा घ्या.

तुम्ही करून दिलेल्या साइटवर गुलाबाईच्या गाण्यांच्या जागी आता प्रश्नचिन्हांच्या रांगा आहेत. शब्दांमधली मोकळी जागा शाबूत आहे, स्वल्पविराम शाबूत आहेत, कडवं कुठे संपतं तेही कळतं. अक्षरं तेवढी गेली. तळाला इंग्रजी लिपीत तुमच्या दुकानाचं नाव आहे, त्यातलं मात्र एकही अक्षर हललेलं नाही. अख्ख्या साइटवर आज वाचता येईल असं तेवढंच उरलं आहे.

विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "ताई, फॉन्टचा प्रॉब्लेम आहे." फॉन्टचा प्रॉब्लेम नाही, भाऊ. फॉन्ट नसला तर अक्षराच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. इथे मजकूरच पुसला गेला आहे, आणि तो कसा पुसला गेला हे मी तुम्हाला या पत्रात समजावून सांगणार आहे. हे काम तुम्ही पैसे घेऊन करता, तेव्हा हे तुम्ही मला सांगायला हवं होतं.

तुमचं नाव लिहीत नाही. तुम्हाला वाचवायचं म्हणून नव्हे. भुसावळ, जळगाव, धुळे, कुठेही जा, तुमच्यासारखे वेबसाइट करून देणारे भाऊ सापडतात आणि सगळ्यांच्या हातात एकच साचा असतो. किराणा दुकान असो, लग्नाचा हॉल असो, वाचनालय असो किंवा म्हाताऱ्या बायांच्या तोंडची गाणी असोत, सगळ्यांना तोच साचा. त्या सगळ्यांनी हे पत्र आपल्याला आलं आहे असं समजावं.

आम्ही काय मागितलं होतं ते आठवा. गुलाबाईची गाणी, कानबाईच्या रोटांच्या वेळची गाणी, लेवा गणबोलीतले आणि तावडीतले शब्द त्यांच्या अर्थासह, थोडी छायाचित्रं. लिहिणाऱ्या आम्ही दोघी-तिघी. भर पडायची ती श्रावणात कानबाईच्या सुमारास आणि भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, म्हणजे मुली गुलाबाई मांडतात त्या महिन्यात. एरवी वर्षभर कुणी येऊन वाचावं, एवढंच. वाचणाऱ्याला खातं उघडायचं नव्हतं, काही विकत घ्यायचं नव्हतं, आज एक आणि उद्या दुसरं असं काही पाहायचं नव्हतं. गाणं आहे, ते वाचायचं.

तुम्ही काय दिलंत? वर्डप्रेस, त्यावर दुकानांसाठी बनवलेली थीम, तिच्यात रिकामी पडलेली खरेदीची टोपली, सरकणारी चित्रं, वाचणाऱ्याच्या तोंडावर येऊन आदळणारी चौकट आणि डझनावर प्लगइन. गाण्यांच्या साइटला खरेदीची टोपली कशासाठी, असं विचारलं तर म्हणालात, "राहू द्या, पुढे लागली तर?" गाण्यांची जपणूक पुढे लागेल, हा विचार मात्र तुमच्या मनाला शिवला नाही.

आता यंत्र कसं चालतं ते बघू. वर्डप्रेस बसवलं की मायएसक्यूएल नावाच्या डेटाबेसमध्ये बारा तक्ते तयार होतात. गाणं त्यातल्या एका तक्त्यात जातं, त्याचं वर्गीकरण दुसऱ्या-तिसऱ्यात, साइटचं नाव आणि मांडणी आणखी एकात. कुणी पान मागितलं की सर्व्हरवर पीएचपीचा प्रोग्रॅम जागा होतो, तक्त्यांमधून तुकडे गोळा करतो, ते थीमच्या साच्यात बसवतो आणि पान जुळवून पाठवतो. दुसऱ्या मिनिटाला दुसऱ्याने तेच पान मागितलं तर तीच सगळी मेहनत पुन्हा. गाण्यात काना-मात्रेचा फरक झालेला नसतो, तरी पुन्हा.

दुसरी रीत आहे स्थिर पानांची. साध्या मजकुराच्या फाइली आपल्या संगणकावर ठेवायच्या. जेकिल, ह्यूगो, इलेव्हन्टी असे प्रोग्रॅम त्या फाइली घेतात, साच्यात बसवतात आणि सगळी पानं एकदाच तयार करून ठेवतात. सर्व्हरवर जातात ती ही तयार पानं. वाचणारा आला की पान उचलून द्यायचं, बस. आपल्याकडे उन्हाळ्यात बिबडे घालतात, वाळवतात, डब्यात भरतात आणि वर्षभर हवे तेव्हा भाजतात. पाहुणा दारात आला म्हणून कुणी ज्वारी भिजवायला घेत नाही. तुम्ही खान्देशातल्या घरात वाढलात, एवढं तरी तुम्हाला सुचायला हवं होतं.

पान उघडायला वेळ लागतो अशी तक्रार आम्ही केली, तेव्हा तुम्ही कॅशचा प्लगइन टाकलात आणि त्याचे वेगळे पैसे लावलेत. तो प्लगइन काय करतो? एकदा जुळवलेलं पान फाइल म्हणून साठवून ठेवतो आणि पुढच्या वाचणाऱ्याला तीच फाइल देतो. म्हणजे तयार पानंच या कामाला योग्य, हे तुमच्याच यंत्राने कबूल केलं. आधी आमच्या गळ्यात एक बोजड गाडा बांधलात आणि मग तो उभा करून ठेवण्याचं बिल लावलंत.

आता त्या प्रश्नचिन्हांकडे येते.

देवनागरी १९९१ सालच्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात आहे. युनिकोडचा मजकूर साठवण्याची यूटीएफ-८ ही पद्धत केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली आखली. तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना वेगळा, मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा. मायएसक्यूएल मात्र बरीच वर्षं, कुणी दुसरं काही सांगितलं नाही तर, मजकूर 'लॅटिन-१' समजून साठवत असे. त्यात पश्चिम युरोपातल्या भाषांपुरतीच अक्षरं आहेत. कंपनी मूळची स्वीडनची, म्हणून शब्दांचा क्रम लावायचा नियमही ठरलेला होता तो स्वीडिश भाषेचा. ही सवय सुटली ती २०१८ साली आलेल्या आठव्या आवृत्तीत. तोवर वरणगावची गुलाबाई स्वीडनच्या नियमाने रांगेत उभी राहायची, आणि तिला नीट जागा करून द्यायची असेल तर साइट करणाऱ्याला एक ओळ बदलावी लागे.

ती ओळ तुम्ही बदलली नाहीत. स्वस्त पडतं म्हणून साइट एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेलीत, आणि नेताना तक्ते लॅटिन-१ चेच राहिले. अशा तक्त्यात देवनागरी ओतली की डेटाबेस प्रत्येक चिन्हाला विचारतो, तू माझ्या यादीत आहेस का? नसलेल्या प्रत्येक चिन्हाच्या जागी तो प्रश्नचिन्ह लिहितो. इंग्रजी अक्षरं, मोकळ्या जागा आणि स्वल्पविराम त्या यादीत असतात, म्हणून ते वाचले. तुमच्या दुकानाचं नाव का वाचलं, तेही आता तुमच्या लक्षात आलं असेल. बाइट शाबूत असून चुकीच्या पद्धतीने वाचले गेले, तर अगम्य चिन्हांचा खच दिसतो, पण तो मजकूर परत मिळवता येतो. प्रश्नचिन्ह झालं की मूळ बाइटच गेले. त्या तक्त्यात आता जगातल्या कुणालाही आमची गाणी सापडणार नाहीत.

नेण्यापूर्वी प्रत काढून ठेवायला लागला असता फार तर चहा पिण्याएवढा वेळ. वर्डप्रेसमध्येच त्याची सोय आहे: 'साधने', मग 'निर्यात', आणि सगळा मजकूर एका फाइलमध्ये हातात. ते बटण तुम्ही आम्हाला कधी दाखवलं नाहीत आणि स्वतः कधी दाबलं नाहीत.

तुम्ही म्हणाल, गाणी वहीत होती ना? काही होती. पण शेजारच्या गावची मावशी फोनवर सांगायची, "अगं, आमच्याकडे ही ओळ अशी म्हणतात," आणि आम्ही ती तिथल्या तिथे साइटच्या पॅनलमध्ये भरायचो. एकाच गाण्याची तीन-तीन रूपं, शब्दांचे बारकावे, कोणत्या गावी गुलाबाईचा खाऊ ओळखताना काय म्हणतात याच्या नोंदी, हे सगळं थेट तिथेच लिहिलं गेलं, कारण तुम्ही आम्हाला लिहायची दुसरी जागाच दिली नव्हती. सांगणाऱ्यांपैकी काही जणी आता नाहीत. त्यांच्याकडे पुन्हा जाऊन विचारता येणार नाही.

माझं सगळं म्हणणं इथे येऊन ठेपतं. स्थिर पानं चांगली ती वेगासाठी म्हणून नव्हे, स्वस्त म्हणूनही नव्हे. त्या रीतीत मूळ मजकूर लिहिणाऱ्याच्या घरी राहतो आणि साइट ही त्याची प्रत असते. डेटाबेसच्या रीतीत मूळ भाड्याच्या यंत्रात राहतं आणि घरी काहीच नसतं. सर्व्हर बुडाला, भाडं थकलं, तुमच्यासारखा कुणी हलगर्जी भेटला, तर पहिल्या रीतीत एक प्रत जाते आणि दुसऱ्या रीतीत सगळंच जातं.

आपल्या मुलखाला हे नवं नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात, शेतात काम करता करता त्यांनी जे म्हटलं ते त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि त्यांच्या मावसभावाने, पितांबर चौधरींनी, वेळोवेळी कागदावर उतरवून ठेवलं. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. घरात उतरवलेली ती गाणी सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. कागद घरात होता म्हणून महाराष्ट्राला बहिणाबाई मिळाल्या. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं गेलं, त्याच्या मुळाशी तो घरातला कागद आहे. आमची गुलाबाईची गाणी बहिणाबाईंच्या तोलाची आहेत असा माझा दावा नाही. ती सांगणाऱ्या बायाही लिहू शकत नव्हत्या आणि त्यांचंही कुणीतरी उतरवून घेतलं होतं, एवढंच सांगते.

धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, १९२७ सालचं. इतिहासाचार्य राजवाडे गावोगावच्या वाड्यांतून जुने कागद शोधत हिंडले आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे खंड छापत गेले. ते बावीस झाले. एका घराच्या दप्तरातला कागद वाळवीने खाल्ला तरी मजकूर उरावा, यासाठी त्याच्या शेकडो प्रती ठिकठिकाणी हव्यात, हे त्यांना शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कळलं होतं. तुमच्या हातात इंटरनेट होतं, आणि तुम्ही एकच प्रत ठेवलीत.

पुढचा हिशेबही ऐका. हजार शब्दांच्या मराठी मजकुराला साधारण वीस किलोबाइट लागतात. असे हजार लेख म्हणजे वीस मेगाबाइट. मोबाइलवर काढलेल्या पाच-सात फोटोंएवढी जागा. अख्खा संग्रह पेन ड्राइव्हवर टाकून वरणगावच्या वाचनालयात एक, भुसावळच्या कॉलेजात एक, माझ्या भाचीकडे पुण्यात एक असा ठेवता आला असता. वीज गेली, नेट गेलं तरी साध्या फाइलीत लिहिणं थांबलं नसतं. उन्हाळ्यात आमच्याकडे वीज किती टिकते हे तुम्हाला माहीत आहे. दीपनगरचं औष्णिक केंद्र इतक्या जवळ असून ही गत.

तुमचं नेहमीचं उत्तर मला पाठ आहे: "ताई, जगातल्या निम्म्याच्या जवळपास साइट वर्डप्रेसवर आहेत." खरं आहे, चाळीस टक्क्यांच्या वर आहेत. वर्डप्रेसबद्दल माझ्या मनात राग नाही. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी २७ मे २००३ रोजी ते लोकांपुढे ठेवलं, फुकट ठेवलं, कुणीही उघडून बघावं आणि बदलावं असं ठेवलं. ते मराठीतही आहे. त्याआधी गाजत होतं ते मूव्हेबल टाइप, २००१ सालचं. ते पानं आधीच तयार करून ठेवायचं, पण संग्रह वाढला की एका बदलासाठी सगळी पानं पुन्हा घडेपर्यंत वाट बघावी लागे. २००४ साली त्याने परवान्याचे नियम बदलून पैसे मागायला सुरुवात केली आणि लोक वर्डप्रेसकडे वळले. तिथे लिहिलं की लगेच दिसायचं. त्या काळच्या संगणकांवर ती निवड समजण्यासारखी होती.

पण काळ तिथे थांबला नाही, तुम्ही थांबलात. २००४ साली जॉन ग्रुबर यांनी, अॅरन स्वार्ट्झ यांची मदत घेऊन, मार्कडाउन ही साधी लेखनपद्धत आणली. २००८ साली टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी जेकिल लिहिलं. २०१३ साली स्टीव्ह फ्रान्सिया यांचं ह्यूगो आलं. ते हजारो पानं काही सेकंदांत घडवतं. वाट बघण्याची अडचण संपली. अशी तयार पानं फुकट ठेवू देणाऱ्या सेवाही आल्या. या सगळ्याला दहा-पंधरा वर्षं होऊन गेली आणि तुम्ही अजून तीच थीम विकत आहात.

सुरक्षिततेचं काय झालं तेही सांगते. जानेवारी २०१७ मध्ये वर्डप्रेसच्या ४.७ मालिकेत असं भोक सापडलं की पासवर्ड नसतानाही कुणीही दुसऱ्याच्या साइटवरचा मजकूर बदलू शकत होता. २६ जानेवारीला दुरुस्ती आली. ज्यांच्या साइट आपोआप अद्ययावत होत होत्या ते वाचले. बाकीच्यांची लाखो पानं पुढच्या काही दिवसांत विद्रूप झाली. आमच्या साइटचं आपोआप अद्ययावत होणं तुम्ही बंद करून ठेवलं होतं, कारण तसं झालं की तुमची थीम मोडायची. पुढे होस्टिंगवाल्यांनी जुनं पीएचपी काढलं आणि ती मोडलीच. तयार पानांच्या साइटवर सर्व्हरकडे चालवायला प्रोग्रॅम नाही, फोडायला डेटाबेस नाही. नुसती पानं आहेत.

मराठीपुरती आणखी एक गोष्ट, जी तुमच्या ध्यानातच आली नसेल. वर्डप्रेस लेखाच्या मथळ्यावरून त्याचा पत्ता बनवतं. देवनागरीचं एक चिन्ह त्या पत्त्यात टक्क्याच्या खुणांसह नऊ चिन्हांचं होतं, आणि पत्ता साठवण्याच्या रकान्याची मर्यादा आहे दोनशे. म्हणजे मराठी मथळा बाविसाव्या चिन्हाच्या आसपास तुटतो, काना-मात्रा धरून. आमच्या गाण्यांचे पत्ते अर्ध्यावर का तुटले आहेत, असं आम्ही विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "इंग्रजीत नाव द्या." गुलाबाईच्या गाण्याला इंग्रजी नाव द्या, असा सल्ला द्यायला तुमची जीभ अडखळली नाही.

दुसऱ्या बाजूचंही बोलते, नाहीतर तुम्ही म्हणाल ताईंना एकच बाजू दिसते. स्थिर पानांची साइट नुसत्या मोबाइलवरून सांभाळणं कठीण जातं. पहिल्या दिवशी काळ्या पडद्यावर आज्ञा लिहायला कुणीतरी शिकवावं लागतं आणि मराठीत तसं शिकवणारं साहित्य फार कमी आहे. जेकिलसारखा प्रोग्रॅमही जुना होतो, नव्या संगणकावर रुसतो. पण तो रुसला तरी घडवलेली पानं तशीच उघडतात आणि मूळ फाइली तशाच वाचता येतात. दुसरा प्रोग्रॅम घेऊन त्याच फाइलींतून पुन्हा साइट घडवता येते. आणि फाइली आहेत म्हणून सगळं अमर झालं, असंही नाही. याहूने २६ ऑक्टोबर २००९ रोजी जिओसिटीज बंद केलं, तेव्हा तिथली लोकांची साधी पानं दिसेनाशी झाली. त्यातली पुष्कळशी वाचली, कारण काही स्वयंसेवकांनी ती बंद होण्यापूर्वी जमेल तेवढी उतरवून घेतली. तयार पानं होती म्हणून उतरवता आली. युनिकोड रुळण्याआधी शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टांत लिहिलेली मराठी पानं आज उघडली तर इंग्रजी चिन्हांचा गोंधळ दिसतो, पण बाइट शाबूत असल्याने ती युनिकोडमध्ये आणता येतात. आणि टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडच्या सर्नमध्ये १९९१ साली जगापुढे ठेवलेली पहिली साइट? तिच्या १९९२ सालच्या फाइली मिळाल्या, २०१३ साली सर्नने त्या मूळ पत्त्यावर पुन्हा ठेवल्या आणि आजच्या ब्राउझरमध्ये त्या उघडतात. तिचं डेटाबेसवाचून काही अडलं नाही.

डेटाबेस कुठे हवा, तेही मला कळतं. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. तिथे अनेक हात एकाच वेळी एकाच पानावर काम करतात, प्रत्येक बदलाची नोंद ठेवावी लागते. तिथे डेटाबेसच हवा. रेल्वेचं आरक्षण, सातबाऱ्याचा उतारा, आमच्या आयुध निर्माणीतल्या भांडाराचा हिशेब, बँकेचं खातं, जिथे प्रत्येकाला वेगळं दाखवायचं असतं किंवा आकडा क्षणाक्षणाला बदलतो, तिथेही तोच हवा. म्हणून साइट करून देण्याआधी विचारायचे प्रश्न चारच: लिहिणारे किती? बदल किती वेळा? प्रत्येक वाचणाऱ्याला वेगळं पान लागतं का? आणि दहा वर्षांनी हे सांभाळायला कोण असेल? आमची उत्तरं होती: दोघी-तिघी, वर्षातून दोन हंगाम, नाही, आणि कुणी असेलच असं नाही. ही उत्तरं ऐकल्यावर शाळकरी पोरानेही बारा तक्त्यांचा डेटाबेस सुचवला नसता. तुम्ही यातला एकही प्रश्न विचारला नाहीत. तुम्ही विचारलंत, "बजेट किती आहे?"

आणि एवढं सगळं सांगून झाल्यावरही कुणाला वर्डप्रेसच्या पॅनलमध्ये लिहायला सोपं वाटत असेल, तर खुशाल लिहावं. त्यातूनही तयार पानं काढून ठेवता येतात, दर महिन्याला निर्यात करून फाइल घरी आणता येते. हत्यार दोषी नाही. ज्याने ते बसवलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली, तो दोषी.

किल्लीवरून आठवलं. आमच्या साइटचं नावही तुम्ही स्वतःच्या नावावर नोंदवून ठेवलं आहे. मुदत संपली की ते कुणीही विकत घेऊ शकतो, आणि उद्या गुलाबाईच्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात लागली तर त्याची जबाबदारी तुमची.

तेव्हा आता मागण्या. साइटचं नाव आमच्या नावावर करून द्या. जुन्या सर्व्हरवरचा डेटाबेस हलवण्यापूर्वीची कोणतीही प्रत असेल, तुमच्या लॅपटॉपवर, जुन्या हार्ड डिस्कवर, होस्टिंगवाल्यांकडे, ती शोधा आणि न उघडता, न सुधारता, आहे तशी आणून द्या. तिला हात लावू नका. बाइट शाबूत असतील तर आम्ही ते वाचून घेऊ. छायाचित्रांचा फोल्डर द्या. सगळे पासवर्ड द्या. आणि ज्या ज्या गिऱ्हाइकांना तुम्ही हाच साचा विकला आहे, त्या प्रत्येकाची निर्यात फाइल काढून त्याच्या हातात ठेवा. हे काम फुकट करा. पैसे तुम्ही आधीच घेतलेले आहेत.

हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांनीही, ज्यांचं काही लिहिलेलं कुणा भाऊंच्या ताब्यात आहे, आपलं मूळ परत मागून घ्यावं. साइट चालू आहे तोवरच मागावं. बंद पडल्यावर मागायला काही उरत नाही.

आम्ही नव्याने सुरुवात केली आहे. वह्यांतलं जे आहे ते साध्या फाइलींत उतरवतो आहोत, ह्यूगोने पानं घडवतो आहोत आणि प्रती तीन गावांत ठेवल्या आहेत. माझी शाळकरी भाची हे सगळं करते. तुम्ही जे वर्षानुवर्षं अवघड असल्याचं सांगत आलात ते तिला दोन सुट्ट्यांत जमलं. आता राहिली आहेत ती फक्त तुमच्याकडे अडकलेली रूपं: मावश्यांनी फोनवर सांगितलेली, कुठेही दुसरी नोंद नसलेली. भाद्रपदाच्या पौर्णिमेला वरणगावातल्या मुली गुलाबाई मांडतील आणि गाणी मागायला आमच्याकडे येतील. ती जुनी प्रत त्याआधी आणून द्या.

आपली,
वरणगावातली, गाणी गोळा करणाऱ्यांपैकी एक